शिष्टोच्चार, चित्रपट-अभिनेत्रींचे

एखाद्या भाषेच्या अनेक बोलींपैकी जी बोली शिक्षण, शासन व प्रतिष्ठित समाज यांच्या आधाराने प्रमाण मानली जाते, तिच्यातील उच्चारांना शिष्टोच्चार असे म्हणतात. बोलपटांचा उदय झाल्यावर हे उच्चार सर्वदूर पोहोचविण्याचे कार्य ज्यांच्या वाणीने केले, त्यांत अभिनेत्रींचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश चित्रपटांतील १९३० ते १९६० या काळातील नायिकांचे घोटीव इंग्रजी हे या विषयाचे सर्वपरिचित उदाहरण होय. मराठीतही त्याच काळात पुणेरी वळणाची एक घडीव स्त्रीवाणी रंगभूमीवर व पडद्यावर सिद्ध झाली. ती बोलणाऱ्या अभिनेत्रींपैकी अनेकींची मातृभाषा कोकणी किंवा कन्नड होती, काहींची ग्रामीण मराठी होती. म्हणजे हे उच्चार पुष्कळदा जन्माने लाभलेले नसून कष्टाने कमावलेले होते. ते ज्यांना लाभले नाहीत वा ज्यांनी ते घेतले नाहीत, त्यांच्या वाट्याला पडद्यावर बव्हंशी मोलकरणीची, गवळणीची किंवा विनोदी भूमिका आली. पुणे शहराजवळच असलेल्या मावळ तालुक्याची बोली हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

पात्राच्या दर्जानुसार त्याची भाषा ठरविण्याची प्रथा भारतात जुनी आहे. संस्कृत नाटकांत राजा व विद्वान ब्राह्मण संस्कृत बोलतात, तर स्त्रिया सामान्यतः प्राकृत बोलतात. कुलीन नायिकेचे गद्य भाषण शौरसेनीत व तिची गीते माहाराष्ट्रीत असावीत, असा संकेत रूढ झाला होता. राणी कितीही सुविद्य असली, तरी संस्कृत हा तिचा सामान्य अधिकार नव्हे. उलट तिच्या गळ्यातील माहाराष्ट्री ही मात्र गोडव्याची परिसीमा मानली जाई. आधुनिक काळात नायिकेने ‘शुद्ध’ बोलावे व दासीने ‘अशुद्ध’ बोलावे, हा संकेत आला तो या जुन्या परंपरेपेक्षा शालेय पाठ्यपुस्तकांच्या व छापील भाषेच्या प्रभावामुळे आला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

ब्रिटनमध्ये शिष्टोच्चाराची कल्पना निवासी शाळा, ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठे आणि लंडनमधील उच्च वर्ग यांच्याभोवती रूढ झाली. डॅन्येल जोन्झ (१८८१–१९६७) या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये इंग्रजी उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या १९२६ च्या आवृत्तीपासून या उच्चारांना ‘रिसीव्ह्‌ड प्रनन्सिएशन’ (मान्य उच्चार) ही संज्ञा त्याने वापरली. त्याच वर्षी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने उच्चारविषयक सल्लागार समिती नेमली. कवी रॉबर्ट ब्रिजिस हा तिचा पहिला अध्यक्ष होता व पुढे जॉर्ज बर्नार्ड शॉनेही ते पद भूषविले. नाट्यशिक्षणाच्या संस्थांनीही हाच आदर्श पुढे ठेवला. लंडनमध्ये १९०४ मध्ये हर्बर्ट बीरबोम ट्री याने नाट्य अकादमी स्थापन केली, तर एल्सी फोगर्टी हिने १९०६ मध्ये वाणी व नाट्य यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यालय काढले. त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणीला आपली गावाकडची बोली विसरावी लागे.

या उच्चारांची काही लक्षणे जुन्या चित्रपटांत स्पष्ट ऐकू येतात. ‘मॅन’ या शब्दातील स्वर ‘मेन’कडे झुकतो, ‘ऑफ’ हा शब्द दीर्घ होऊन ‘ऑऽफ’ असा येतो, ‘व्हेरी’ या शब्दातील र जिभेच्या एका हलक्या फटक्याने उच्चारला जातो, पण शब्दाच्या शेवटचा र मुळीच ऐकू येत नाही. सीलिया जॉन्सन (१९०८–८२) हिची ब्रीफ एन्काउंटर (१९४५) या चित्रपटातील मध्यमवर्गीय गृहिणी या उच्चारांचा नमुना म्हणून नेहमी दाखविली जाते. भावना जितकी उत्कट, तितके स्वर अधिक आखूड व व्यंजने अधिक रेखीव, ही त्या भूमिकेची किमया आहे. त्या वाणीतील संयमामुळेच दुःख प्रेक्षकापर्यंत पोहोचते. नंतरच्या पिढ्यांना तीच वाणी हास्यास्पद वाटू लागली व तिची विडंबने झाली, हा कालमानाचा परिणाम होय.

या नायिकांपैकी अनेकजणी इंग्‍लंडच्या ज्या वर्गाची भाषा बोलत त्या वर्गातील नव्हत्या, काही तर इंग्‍लंडमध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. डेबोरा कर (१९२१–२००७) स्कॉटलंडची. व्हिव्हिअन ली (१९१३–६७) दार्जिलिंगला जन्मलेली. मार्गारेट लॉकवुड (१९१६–९०) कराचीची. यांत सर्वांत करुण कहाणी मर्ल ओबेरॉन (१९११–७९) हिची आहे. मुंबईत एका अँग्लो-इंडियन कुटुंबात जन्मलेली ही मुलगी कलकत्त्यात वाढली व विशीच्या आत इंग्‍लंडला गेली. अलेक्झांडर कॉर्डाच्या द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्‍री द एट्थ (१९३३) या चित्रपटातील ॲन बोलीनच्या भूमिकेने ती पुढे आली व वदरिंग हाइट्स (१९३९) मुळे जगप्रसिद्ध झाली. आपला जन्म टास्मानियात झाल्याचे ती आयुष्यभर सांगत राहिली. तिच्या मिश्र वंशाचा व मुंबईतील जन्माचा तपशील तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रामुळे सर्वश्रुत झाला. तिच्या बाबतीत शिष्टोच्चार हा केवळ अभिनयाचा भाग नव्हता, ते एक पांघरूण होते. ते जरा सरकले असते, तर वर्णभेद मानणाऱ्या त्या काळच्या चित्रपटव्यवसायात तिला नायिकेचे काम मिळाले नसते.

मराठीत प्रमाणभाषेची घडण एकोणिसाव्या शतकात झाली. मोल्झवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७), मेजर टॉमस कँडीच्या देखरेखीखाली तयार झालेली शालेय पुस्तके व पुण्या-मुंबईची नियतकालिके यांनी पुण्याच्या सुशिक्षितांची, विशेषतः ब्राह्मणांची, भाषा लेखनासाठी प्रमाण ठरविली. ग्रीअर्सनने आपल्या भारतीय भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) पुण्याची मराठी हीच प्रमाण मराठी म्हणून घेतली आहे. या भाषेच्या उच्चारांत ण व न, ळ व ल, श व स यांचा भेद कटाक्षाने पाळणे, ‘चमचा’ व ‘चंद्र’ यांतील च निरनिराळे उच्चारणे, म्हणजे पहिला दंततालव्य व दुसरा तालव्य, ‘ज्ञ’चा ‘द्न्य’ करणे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणे, या गोष्टी महत्त्वाच्या समजल्या जातात. लेखनातील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी काढून टाकण्यात आले. तत्पूर्वीही बहुतेकांच्या बोलण्यातून ते गेलेलेच होते.

रंगभूमीवर या वाणीला स्त्रीचा आवाज मिळण्यापूर्वी पुरुषाचा आवाज मिळाला, ही मराठीची खास गोष्ट आहे. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी मानापमान (१९११) मधील भामिनी, स्वयंवर (१९१६) मधील रुक्मिणी व एकच प्याला (१९१९) मधील सिंधू या भूमिकांतून कुलीन स्त्रीच्या बोलण्याचा जो नमुना उभा केला, त्याचे अनुकरण पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी केले. लुगडे नेसण्याची पद्धत, केसांतील फुले, हसताना तोंडावर पदर धरणे या लकबींबरोबरच शब्दावर थोडे रेंगाळून त्याला गोलाई देण्याची ढबही घरोघर गेली. त्यामुळे पुढे खऱ्या स्त्रिया रंगभूमीवर आल्या, तेव्हा त्यांना आपल्या स्वाभाविक बोलण्यापेक्षा एका पुरुषाने घडविलेल्या स्त्रीवाणीच्या कसोटीला उतरावे लागले. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाने हे वळण बदलण्यास सुरुवात केली. त्यात काम करणाऱ्या ज्योत्स्ना भोळे (१९१४–२००१) मूळ गोव्याच्या असून घरची भाषा कोकणी होती. मो. ग. रांगणेकरांच्या कुलवधू (१९४२) मध्ये त्यांनी रंगविलेली नायिका मात्र मध्यमवर्गीय मराठी घरातील वाटली व तशीच ती लोकप्रिय झाली.

पहिला मराठी बोलपट अयोध्येचा राजा (१९३२) हा प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात काढला. त्यात तारामतीची भूमिका करणाऱ्या दुर्गा खोटे (१९०५–९१) यांचे माहेरचे लाड घराणे मूळचे गोव्याचे असून घरात कोकणी बोलली जाई. त्यांचे शिक्षण मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेव्हिअर महाविद्यालयात झाले. म्हणजे मराठी पडद्यावरील पहिली राजस्त्री जी भाषा बोलली, ती तिच्या घरची नव्हती व शाळेचीही नव्हती. त्यांच्या उच्चारांत पुणेरी सानुनासिक झाक फारशी नव्हती. मोकळा, खणखणीत व काहीसा पुरुषी भारदस्तपणा होता. हाच आवाज पुढे मोगल-ए-आझम (१९६०) या चित्रपटात जोधाबाईची उर्दूमिश्रित हिंदी बोलला. मी, दुर्गा खोटे (१९८२) या आत्मचरित्रात त्यांनी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात जाण्याने उठलेल्या गदारोळाची हकीकत दिली आहे. सुशिक्षित घराण्यातील स्त्रीचा आवाज पडद्यावर ऐकू येणे, यालाच त्या काळी एक सामाजिक अर्थ होता.

आरंभीच्या ध्वनिलेखनतंत्राचाही या वाणीवर परिणाम झाला. संवाद चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. ध्वनिक्षेपक दृश्याच्या चौकटीबाहेर किंवा सजावटीत लपविलेला असे. उंच कंप्रतेचे ध्वनी नीट उमटत नसल्याने स, श यांसारखी व्यंजने अस्पष्ट होत. परिणामी शब्द तोडून, प्रत्येक व्यंजन वेगळे काढून बोलण्याची सवय नटनट्यांना लावावी लागे. ज्याला पुढे ‘जुन्या चित्रपटांची नाटकी भाषा’ म्हटले गेले, तिचा काही भाग यंत्राच्या मर्यादांमुळे आलेला आहे. हे लक्षात न घेता त्या अभिनेत्रींना कृत्रिम ठरविणे अन्यायाचे होईल. शिवाय प्रभातचे बहुतेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी तयार होत. एकच प्रसंग लागोपाठ दोन भाषांत बोलताना ण, ळ हे मराठी ध्वनी टिकविणे व दुसऱ्या क्षणी टाकणे, ही कसरत नायिकेला करावी लागे.

या दृष्टीने कुंकू (१९३७) हा चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची भूमिका शांता आपटे (१९१६–६४) यांनी केली. नीरा ही नम्र, मंजुळ बोलणाऱ्या नायिकेच्या संकेताला छेद देते. ती शब्द फेकते, मध्येच तोडते, गप्प बसूनही बोलते. तिच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीचे ‘अ साम ऑफ लाइफ’ हे काव्य मूळ इंग्रजीतच गाणे म्हणून घातलेले आहे. तिच्या इंग्रजी उच्चारांत लंडनची छटा नाही. महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या मुलीचे ते इंग्रजी आहे व नेमके त्यामुळेच ते पात्राला शोभते. याच चित्रपटात वकिलाच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे (१९०६–२०००) यांनी केली. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या या कन्येचे शिक्षण केंब्रिजला झाले होते. ब्रिटिश शिष्टोच्चार मुळातून ऐकलेली ही स्त्री पडद्यावर साधे, संथ मराठी बोलते. बोलण्यातील अधिकार हा परक्या ढबीतून येत नाही, हे या दोन भूमिका शेजारी ठेवल्या असता दिसून येते.

माणूस (१९३९) मधील मैना या वेश्येची भूमिका शांता हुबळीकर (१९१४–९२) यांनी केली. त्यांची मातृभाषा कन्नड. कन्नडमध्ये दंततालव्य च, ज हे ध्वनी नाहीत, ते फक्त तालव्य असतात. त्यामुळे कानडी मुलखातून आलेल्या कलावंताला ‘चांगला’, ‘जागा’ हे शब्द मुद्दाम शिकावे लागतात. मैनेच्या भूमिकेत मात्र ही परकी झाक सोयीची ठरली. शहरातील वेश्यावस्ती ही नाना प्रांतांच्या स्त्रियांची असल्याने तिच्या गाण्यातही अनेक भाषांचे तुकडे गुंफलेले आहेत. सती, राणी व गृहिणी यांच्या तोंडी मात्र अशी झाक दिग्दर्शकांनी चालू दिली नसती. उच्चारांची मुभा आणि पात्राचे शील यांचे हे नाते मराठी चित्रपटात दीर्घकाळ टिकले.

भालजी पेंढारकर (१८९८–१९९४) यांच्या कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओत अभिनेत्रींच्या भाषेवर जी मेहनत घेतली जाई, तिचे ठळक उदाहरण म्हणजे सुलोचना (१९२८–२०२३). बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी भागातील खडकलाट या गावी त्या वाढल्या. त्यांची भाषा सीमाभागातील ग्रामीण मराठी होती. भालजींच्या तालमीत तिच्यावर संस्कार झाले व पुढे वहिनीच्या बांगड्या (१९५३) मधील सोशीक वहिनी, तसेच मराठा तितुका मेळवावा (१९६४) मधील जिजाबाई या भूमिकांमुळे त्यांचा आवाज हाच मराठी मातेचा आवाज मानला गेला. श्यामची आई (१९५३) मधील कोकणातील गरीब ब्राह्मण घरातली आई वनमाला (१९१५–२००७) यांनी उभी केली. त्या उज्जैनला जन्मलेल्या, ग्वाल्हेर संस्थानातील मराठा सरदारी वातावरणात वाढलेल्या. या चित्रपटाला १९५४ मध्ये सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्राला ज्या दोन आयांचे बोलणे आपल्या घरातले वाटले, त्यांपैकी एक सीमेवरच्या खेड्यातून व दुसरी माळव्यातून आली होती.

तमाशापटांनी या चित्रात वेगळी भर घातली. हंसा वाडकर (१९२३–७१) यांनी लोकशाहीर रामजोशी (१९४७) व सांगत्ये ऐका (१९५९) या चित्रपटांतून तमासगीर स्त्रीला भाषा दिली. दुसऱ्या चित्रपटाच्या नावातच एक उच्चारविषयक गंमत आहे. ‘सांगत्ये’, ‘जात्ये’, ‘करत्ये’ ही प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी रूपे पुण्या-कोकणातील ब्राह्मण स्त्रियांच्या बोलण्यात विशेष आढळतात. तमाशाच्या फडावर त्यांची अपेक्षा कोणी करणार नाही. तरीही पुण्याच्या ‘विजयानंद’ चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेल्या या चित्रपटाला ते नाव खटकले नाही, कारण नायिका कोणत्याही थरातील असली तरी तिने मोक्याच्या क्षणी शिष्ट भाषेत बोलावे, हे प्रेक्षकांनी गृहीत धरले होते. वाडकरांनी आपल्या आत्मकथनालाही (१९७०) तेच नाव दिले. त्यातील भाषा पडद्यावरच्या भाषेहून पुष्कळ रोखठोक आहे. त्यावर आधारलेल्या भूमिका (१९७७) या हिंदी चित्रपटात स्मिता पाटील (१९५५–८६) यांनी मुख्य भूमिका केली.

मावळ व लोणावळे : पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत मावळ तालुका पसरलेला आहे. वडगाव हे त्याचे मुख्य ठाणे असून इंद्रायणी, आंद्रा व पवना यांच्या खोऱ्यांवरून नाणे मावळ, आंदर मावळ व पवन मावळ असे त्याचे भाग पडतात. पुण्यापासून लोणावळे सु. ६५ किमी. आहे. प्रमाण मराठीचे माहेर इतके जवळ असूनही मावळची बोली तिच्यापासून निराळी राहिली. तिच्यात, देशावरील इतर ग्रामीण बोलींप्रमाणे, ण चा न होतो (‘पानी’, ‘कोन’). शब्दारंभीच्या ए ला य लागतो (‘येक’, ‘येळ’). इ पूर्वीचा व गळतो (विस्तव–‘इस्तू’). ‘तो’, ‘हा’ ऐवजी ‘त्यो’, ‘ह्यो’ येतात व ‘मी’ च्या जागी कर्त्याचे ‘म्या’ हे रूप आढळते. हे रूप जुन्या मराठीत प्रतिष्ठित होते. ज्याला अशुद्ध म्हणून हसतात त्यातील काही भाग असा केवळ अधिक जुना आहे. याशिवाय ठाकर, कातकरी व महादेव कोळी या समाजांच्या बोलींची स्वतंत्र वैशिष्ट्ये आहेत.

बोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, तेव्हापासून लोणावळे व खंडाळे ही मुंबईच्या धनिकांची हवा खाण्याची ठिकाणे बनली. इंग्रज अधिकारी, पारशी व गुजराती व्यापारी, पांढरपेशे मराठी यांचे बंगले उभे राहिले. बंगल्यात इंग्रजी, गुजराती किंवा पुणेरी मराठी आणि माळी, भांडीवाली, दूधवाला यांच्या तोंडी मावळी, अशी भाषेची उतरंड एकाच आवारात तयार झाली. मराठी नाटक-चित्रपटांतील सुखवस्तू कुटुंबाचा बंगला व त्यातील गडीमाणसे यांचे संवाद याच उतरंडीवर रचलेले असतात. मालकीणबाई बोलू लागल्या की प्रेक्षक गंभीर होतो, मोलकरीण बोलू लागली की तो हसायला तयार होतो. विनोद पुष्कळदा तिच्या म्हणण्यात नसतो, फक्त ‘न’ मध्ये असतो.

ऐतिहासिक चित्रपटांत हीच विभागणी शिवकालावर लादली गेली. त्यांत मावळे ग्रामीण बोलतात आणि जिजाबाई, राण्या व सरदार विसाव्या शतकातील प्रमाण मराठी बोलतात. वस्तुतः शिवपूर्वकालीन दरबारी मराठी फार्सी शब्दांनी भरलेली होती व राज्यव्यवहारकोशाची रचना त्यासाठीच करावी लागली. सिंदखेडला जन्मलेल्या जिजाबाईंच्या बोलण्यात पुण्याच्या शाळेतले व्याकरण असण्याचे काहीच कारण नाही. तथापि प्रेक्षकांच्या कानाला सवय झालेला हा संकेत दिग्दर्शकांनी क्वचितच मोडला.

मावळच्या माणसाला त्याच्या भाषेसह साहित्यात आणण्याचे श्रेय गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांना जाते. विदर्भात परतवाडा येथे जन्मलेले दांडेकर तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले व आसपासचे गडकोट त्यांनी आयुष्यभर पायांखाली घातले. पवनाकाठचा धोंडी या कादंबरीत पवन मावळातील माणसे आपल्याच बोलीत बोलतात व ती हास्यास्पद होत नाहीत. या कादंबरीवर १९६६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यांच्याच जैत रे जैत वरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. त्याची पार्श्वभूमी घाटाखालच्या कर्नाळा परिसरातील ठाकरांची आहे. त्यातील चिंधीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. पुण्यात वाढलेल्या व मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या, म्हणजे व्यवसायानेच शिष्टोच्चार बाळगणाऱ्या या अभिनेत्रीने ठाकर स्त्रीची बोली नायिकेची म्हणून उचलली. ती बोली तंतोतंत ठाकरी आहे असा दावा करता येणार नाही, गीतांच्या लयीसाठी ती थोडी घासूनपुसून घेतलेली आहे. परंतु चिंधी दासी नाही, विनोदी नाही आणि कोणी तिला सुधारत नाही. पाच वर्षांनी उंबरठा (१९८२) मध्ये त्यांनीच सुविद्य सुलभा महाजनचे संयत, शहरी मराठी तितक्याच सहजतेने सांभाळले.

शिष्टोच्चार हाच ज्या कलाकृतीचा विषय आहे, ती म्हणजे शॉचे पिग्मॅलिअन. हे नाटक १९१३ मध्ये व्हिएन्नात व १९१४ मध्ये लंडनला रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून सरदारकन्या म्हणून समाजात वावरायला लावण्याची पैज एक ध्वनिशास्त्रज्ञ मारतो, हे त्याचे कथासूत्र. १९३८ च्या चित्रपटात एलायझाची भूमिका वेंडी हिलर (१९१२–२००३) हिने केली. ती स्वतः उत्तर इंग्‍लंडच्या चेशर परगण्यातील होती, त्यामुळे लंडनची गल्लीतली बोली व शिष्टोच्चार या दोन्ही गोष्टी तिला सारख्याच शिकाव्या लागल्या असणार. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी १९७५ मध्ये ती फुलराणी या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले. नाव बालकवींच्या कवितेवरून घेतले असून मंजुळा ही फुलवाली मुंबईच्या रस्त्यावरची आहे. इंग्रजी नाटकात वर्गभेद आहे. मराठीत ण-न, श-स हे भेद जातीशीही निगडित असल्याने रूपांतराला आपोआप आणखी एक धार चढली. पुलंनी ती हसत हसत वापरली आहे. मंजुळेच्या तोंडचा राग विनोदाच्या आवरणाखाली राहतो, पण जात नाही. शिकवणाऱ्याने आपल्याला भाषा दिली आणि आपले जुने जग काढून घेतले, ही तिची तक्रार आहे. नवी भाषा घेऊन ती फुले विकायला परत जाऊ शकत नाही.

ही भूमिका भक्ती बर्वे (१९४८–२००१) यांनी गाजविली. आकाशवाणी व दूरदर्शन यांवरील निवेदनाची पार्श्वभूमी असल्याने त्यांचे प्रमाण उच्चार निर्दोष होते, आणि प्रयोगातील खरी अवघड जागा त्या निर्दोषपणाच्या अलीकडे होती. शिकत असलेल्या मंजुळेच्या तोंडून नवा ‘ण’ नीट निघतो पण संतापाच्या भरात जुना ‘न’ उसळतो, ही मधली अवस्था त्यांनी बारकाईने दाखविली. ‘पुलं, फुलराणी आणि मी’ हा त्यांचा एकपात्री कार्यक्रमही लोकप्रिय झाला. वाईहून मुंबईला परतताना १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढे इतर अभिनेत्रींनीही ही भूमिका केली व २०२३ मध्ये याच कथासूत्रावर फुलराणी हा मराठी चित्रपट आला.

ब्रिटनमध्ये १९५० नंतर शिष्टोच्चाराची मक्तेदारी ढळू लागली. अ टेस्ट ऑफ हनी (१९६१) या चित्रपटात लिव्हरपूलची रीटा टशिंगम आपल्या उत्तरेकडील उच्चारांसह नायिका झाली. खुद्द राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या नाताळनिमित्त केलेल्या भाषणांचे ध्वनिशास्त्रीय परीक्षण २००० मध्ये प्रसिद्ध झाले. १९५० च्या दशकाच्या तुलनेत १९८० च्या दशकातील तिचे स्वर सर्वसामान्यांच्या दक्षिण इंग्रजी उच्चारांकडे सरकल्याचे त्यात आढळले. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी हट्टंगडी (१९५१– ) यांना गांधी (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या भूमिकेतील इंग्रजी हे जाणीवपूर्वक भारतीय वळणाचे होते. चाळीस वर्षांपूर्वी मर्ल ओबेरॉनला जे लपवावे लागले, तेच येथे गुण ठरले.

मराठी चित्रपटात असा बदल उशिरा झाला. नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) मध्ये सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या रिंकू राजगुरू हिने आर्ची ही सधन पाटलाची मुलगी आपल्या मुलखाच्या बोलीतच उभी केली व तिला राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. आर्ची इंग्रजीतही दटावते, पण त्या इंग्रजीलाही करमाळ्याकडचाच ठसका आहे. मावळी बोलणारी नायिका त्यानंतरही मराठी पडद्यावर ठळकपणे आलेली नाही. दरम्यान द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत व जमिनींचे व्यवहार यांमुळे मावळातील गावांचे झपाट्याने नागरीकरण झाले असून तेथील तरुण पिढीच्या बोलण्यातून ‘म्या’, ‘इस्तू’ यांसारखी रूपे कमी होत आहेत. अनेक कुटुंबांत ती आजी-आजोबांच्याच तोंडी ऐकू येतात.